हाली रुपयाचं रसग्रहण

कवितेचं रसग्रहण करायचं तर आधी कवी, काळ आणि छंद सांगावा लागतो. या रचनेला कवी नाही, टांकसाळ आहे: हैदराबाद. काळ विसाव्या शतकाचा पहिला अर्धा भाग. छंद वर्तुळाचा, व्यास तीन सेंटिमीटरच्या आसपास, वजन ११.१८ ग्रॅम, कडेला बारीक दातेरी रेघा. मजकूर फारसी वळणाचा, दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम पंधरा-वीस शब्दांचा. आणि वाचकवर्ग असा की मराठीतल्या कुठल्याही कवीला हेवा वाटावा: गेवराईच्या आठवडी बाजारातला बैलवाला, अंबाजोगाईचा सराफ, परळीच्या महाशिवरात्रीच्या जत्रेतला रेवडीवाला, आष्टीच्या करोडगिरी, म्हणजे जकात, नाक्यावरचा शिपाई. निजामाच्या राज्यातला हा चांदीचा रुपया.

सरकारी कागदात त्याला उस्मानिया सिक्का असं भारदस्त नाव होतं. लोकांच्या तोंडी तो हाली, म्हणजे चालू चलनाचा. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. वर आलेली गावं ज्यात आहेत तो बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे व्यवहार कोणत्या रुपयात ठरला हे आधी बोलून घ्यावं लागे. हाली की कलदार, हा प्रश्न सुटल्याशिवाय भाव ठरत नसे.

या रुपयावर एक मजकूर राजाने कोरला. दुसरा त्यातल्या चांदीने आपल्या अंगच्या गुणांनी लिहिला. तिसरा बीडसारख्या मुलखातल्या माणसांनी वापरून वापरून उमटवला. नाणकशास्त्राचे ग्रंथ पहिला वाचतात, सोनाराचा काटा दुसरा वाचतो. तिसरा वाचायचा तर आधीचे दोन नीट लावून घेतले पाहिजेत.

दर्शनी बाजूवर चारमिनार आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात, विसावं शतक नुकतंच उजाडलं असताना, यंत्रावर पाडलेल्या रुपयावर ही इमारत आली. त्याआधीच्या रुपयांवर दोन्ही बाजूंना नुसती अक्षरं असत. शेजारच्या कलदारावर व्हिक्टोरिया राणीचा, मग एडवर्डचा, मग जॉर्जचा मुखवटा. राजाचा चेहरा नाण्यावर घालायचा नाही ही मुस्लिम राजवटींच्या नाण्यांची जुनी शिस्त. हैदराबादने ती पाळली आणि चेहऱ्याच्या जागी इमारत बसवली.

ही निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. चारमिनार १५९१ सालचा, कुतुबशाहीतल्या मुहम्मद कुलीने बांधलेला. निजामाच्या आसफजाही घराण्याचं राज्य उभं राहिलं ते १७२४ नंतर. म्हणजे आपल्या राज्याची खूण म्हणून निजामाने जी वास्तू निवडली ती त्याच्या पूर्वजांनी बांधलेलीच नव्हती. घराणी येतात-जातात, शहर राहतं, असं काहीतरी हे चित्र सुचवून जातं. राजाच्या मनात ते असो वा नसो. महबूब अली खान यांचा चेहरा पाहायचा असेल तर तो राजा दीनदयाळ या दरबारी छायाचित्रकाराच्या कामात पाहावा लागतो. त्या काळचं छायाचित्र म्हणजे कागदावर उजेडाने काळी पाडलेली चांदीच. एकाच राजाला चांदीने एकीकडे लपवलं आणि दुसरीकडे दाखवलं.

चारमिनारच्या मधल्या कमानीत एकच अक्षर उभं आहे. महबूब यांच्या रुपयावर मीम, उस्मान अली खान यांच्या रुपयावर ऐन. ऑगस्ट १९११ मध्ये महबूब गेले, उस्मान गादीवर आले. नाण्यावर सगळं राज्यारोहण या एका अक्षराच्या बदलात उरकलं. इमारत तीच, दारात उभा राहणारा बदलला. उस्मान यांच्या अगदी सुरुवातीच्या रुपयांवर हा ऐन अपुरा, नुसता डोक्यापुरता आहे. नंतर तो पूर्ण वळणाने येतो. संग्राहक भिंग लावून हाच फरक शोधतात. अल्पाक्षरी कवितेचं कौतुक करताना आपण दोन ओळींवर थांबतो, इथे एका अक्षरात राजा सांगितला आहे.

भोवती 'निजामुल्मुल्क आसफजाह बहादुर' ही पदवी आहे आणि तिच्या सोबतीला ९२ हा आकडा. हे ना साल, ना किंमत. अरबी अक्षरांना संख्या देण्याच्या अबजद पद्धतीत मीमचे ४०, हेचे ८, पुन्हा मीमचे ४० आणि दालचे ४ मिळून ९२ होतात. पैगंबरांचं नाव असं बेरजेत बसवलं आहे. ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी ते नाम, ज्याला नाही त्याच्यासाठी नुसता आकडा. श्लेष म्हणायचा तर इतका सभ्य श्लेष क्वचित सापडेल.

नाणं उलटं केलं की मधोमध 'यक रुपिया', एक रुपया. भोवतीच्या मजकुराचा आशय असा: पाडला हैदराबादेत, जिचा पाया मंगल आहे, सुख-कल्याणाने युक्त अशा कारकिर्दीच्या अमुक वर्षी. ही शब्दयोजना निजामाची नाही. मुघल रुपयांवर ती पिढ्यान्‌पिढ्या येत होती. हैदराबादच्या रुपयांवर १८५७ च्या उठावापर्यंत दिल्लीच्या बादशहाचंच नाव होतं. बादशाही संपल्यावर नाव खाली उतरलं, पण शैली तशीच राहिली. सत्ता गेल्यावरही तिची भाषा किती वर्षं टिकून राहते याचा हा चांगला नमुना आहे.

साल हिजरी. बीडच्या शेतकऱ्याचं वर्ष पंचांगातल्या शकाचं, पटवाऱ्याच्या दप्तरातलं फसलीचं, खिशातल्या रुपयावरचं हिजरी, आणि आष्टीची शीव ओलांडून जामखेडला गेलं की इसवी. चार कालगणना एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर. या सगळ्या मजकुरात मराठीचं एक अक्षर नाही. ज्या मुलखात तो रोज हजारो हातांतून फिरत होता त्या मुलखाचं नाव नाही, पिकाचं चिन्ह नाही, देवाची खूण नाही. राजाच्या बाजूने पाहिलं तर रचना बांधेसूद आहे. बीडच्या बाजूने पाहिलं तर ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलते आहे.

मग तिच्यावर विश्वास कसा बसला? इथे दुसरा मजकूर सुरू होतो आणि तो कानाने वाचायचा आहे.

रुपया वाजवून घेण्याची रीत होती. अंगठ्याच्या नखावर उडवला किंवा दगडी पायरीवर टाकला की खणखणीत, लांबणारा आवाज यायचा. चांदीत थोडं तांबं मिसळलं की धातू ताठ होतो. ठोका बसला की त्यातली थरथर लवकर विरत नाही, त्यामुळे नाद टिकतो. शिसं आणि कथील थरथर गिळून टाकतात, म्हणून त्यांचं खोटं नाणं भद्द वाजतं. आत बारीक चीर असली तरी नाद फाटतो. फारसी न येणारा गुराखीसुद्धा हे वाचन बिनचूक करू शकत होता. कवितेत नाद अर्थाला साथ देतो. या रचनेत नाद हाच अर्थाचा पुरावा होता.

नादानंतर वजन. इथे हाली आणि कलदार यांची जोडी मोठी बोलकी आहे. कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. हाली ११.१८ ग्रॅमचा, त्यात हजारात ८१८ भाग चांदी. शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. उरलेलं तांबं: कलदारात एक ग्रॅमला थोडं कमी, हालीत दोन ग्रॅमला थोडं जास्त. दिसायला दोन्ही पांढरे, पण हालीच्या पोटात तांबं दुप्पट.

आता सरकारी दर पाहा. १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा आकडा शाळकरी पोराच्या पाटीवर अंगावर येतो, पण सोडवला की निघतं काय? ६ कलदार म्हणजे ७ हाली. सहा कलदारांत शुद्ध चांदी ६४.१५ ग्रॅम, सात हालींत ६४.०१ ग्रॅम. फरक एका गुंजेहून किंचित जास्त. दोन सरकारं, दोन टांकसाळी, दोन लिप्या, दोन धर्मांचे राजे. पण हिशेबाच्या शेवटी दोघांनाही चांदीचं म्हणणं मान्य करावं लागलं. आष्टीसारख्या सीमेवरच्या तालुक्यात हे गणित रोजचं. पलीकडचा नगर जिल्हा इंग्रजांचा, अलीकडे करोडगिरीचा नाका. गूळ, कापड, मीठ, काहीही इकडून तिकडे न्यायचं तर माल बदलायच्या आधी रुपया बदलायचा, आणि बदलून देणारा सराफ मधे आपला बट्टा कापून घेणार. एरवी त्रैराशिक न जमणारी माणसं सहा-सातचा हा हिशेब बोटांवर करत.

चांदीत तांबं घालायचं ते लबाडी म्हणून नव्हे. शुद्ध चांदी मऊ असते. नुसत्या हाताळण्याने झिजते, दाताखाली दबते. आवर्तसारणीत तिचा क्रमांक ४७. पाण्याच्या साडेदहापट जड, ९६२ अंश सेल्सिअसला वितळणारी. वीज आणि उष्णता वाहून नेण्यात सगळ्या धातूंत तिचा पहिला नंबर, तांबं दुसरं. हिवाळ्याच्या सकाळी चांदीची वाटी हातात घेतली की ती चटका लागावा इतकी गार लागते, कारण हाताची ऊब ती झपाट्याने ओढून घेते. दिसणाऱ्या उजेडापैकी सुमारे ९५ टक्के ती परत फेकते, म्हणून तिचा पांढरेपणा दुधाचा नाही, आरशाचा आहे. तांब्याच्या सोबतीने हा मऊ धातू टणक होतो, पण त्या सोबतीची किंमत रंगात द्यावी लागते. हाली फार झिजला की उंच भागांवर किंचित पिवळट झाक येते. कलदारावर ती सहसा दिसत नाही.

चांदीला लोखंडासारखा गंज चढत नाही; साध्या हवेतल्या प्राणवायूला ती दाद देत नाही. तिला काळं पाडतं ते गंधक. हवेतला, घामातला, चुलीच्या धुरातला, अंड्या-कांद्यातला गंधक तिच्या अंगावर बसतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर तयार होतो. त्यावर प्रत्येक घराचं आपलं औषध आहे: कुणी चिंच चोळतं, कुणी रांगोळी, कुणी राख, सोनार रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासून देतो. घासलं की थराबरोबर चांदीचाही कणभर अंश जातो. ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात खायचा सोडा आणि गरम पाणी घालून दागिना त्या धातूला टेकवून ठेवला तर गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनिअमकडे जातो आणि चांदी जागेवर राहते. नाण्याच्या बाबतीत मात्र काळेपणा न काढलेलाच बरा. अक्षरांच्या खोबणीत साचलेली काजळी आणि वर उघडी पडलेली पांढरी धार, यांच्यामुळेच झिजलेला मजकूर वाचता येतो.

ही चांदी आली कुठून, हा प्रश्न बीडमध्ये उभं राहून विचारला की जास्त टोचतो. पायाखाली सगळा दख्खनचा काळा पाषाण. बालाघाटच्या डोंगरात चांदीची खाण नाही, मराठवाड्यात कुठेच नाही. हिंदुस्थानात फिरणारी बहुतेक चांदी बाहेरून आलेली. सोळाव्या शतकाच्या मध्यावर आजच्या बोलिव्हियातला पोतोसीचा डोंगर आणि मेक्सिकोच्या खाणी उघडल्या. तिथली चांदी स्पेनच्या जहाजांतून युरोपात आणि तिथून कापड, नीळ आणि मसाल्यांच्या मोबदल्यात सुरतेसारख्या बंदरांत उतरली. शेरशहाने घालून दिलेला आणि मुघलांनी चालवलेला रुपया या ओघावर पोसला. खुद्द बीड जिल्ह्यातल्या धारूरचं नाव त्यात येतं. १६३१ मध्ये मुघलांनी हा किल्ला घेतला, त्याचं फतहाबाद झालं, आणि मुघल टांकसाळींच्या यादीत फतहाबाद-धारूर हे नाव लागलं. ज्या गावाला आज आपण किल्ल्यासाठी आणि घाटासाठी ओळखतो, त्या गावाने कधीकाळी दुसऱ्या खंडातून आलेल्या चांदीवर आपलं नाव उठवलं होतं. हालीच्या अंगात त्यातले कण असतीलही. चांदी वितळते, पुन्हा पाडली जाते. तिच्या वंशावळीचा दाखला मिळत नाही.

एका नाण्यावर दुसरं नाणं लिहिण्याची रीत महाराष्ट्राला फार जुनी आहे. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकली होती. त्याने नाणी वितळवली नाहीत. हरलेल्या राजाचा चेहरा खालून डोकावत ठेवला आणि वर आपला शिक्का मारला. विजयाची बातमी बाजारात पोहोचवायची तर याहून चांगली युक्ती सुचणं कठीण. पण बाजाराने ते नाणं घेतलं ते विजयासाठी नव्हे. खालची चांदी दोन्ही राजवटींत तेवढीच भरत होती म्हणून घेतलं.

या दुसऱ्या मजकुराचं मोल कळतं ते चांदी जागेवरून हलते तेव्हा. पहिल्या महायुद्धात चांदी महागत गेली. हिंदुस्थानात रुपये पाडायला चांदी पुरेना. १९१८ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्या खजिन्यातले डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी इकडे येण्याची सोय केली. तरी फेब्रुवारी १९२० मध्ये लंडनला भाव औंसाला ८९.५ पेन्सांवर गेला, युद्धापूर्वीच्या तिपटीहून वर. याच ओढाताणीत १९१८ मध्ये हैदराबादने कागदी नोटा काढल्या. संस्थानांत असा हक्क फक्त हैदराबादला होता.

आणि त्या नोटेवर मराठी आली. उर्दू-इंग्रजीच्या सोबत मराठी, तेलुगू आणि कन्नड. रुपयावर शतकभर ज्या भाषेची गरज कुणाला भासली नाही ती कागदावर येताक्षणी भासली. कारण उघड आहे. चांदीचं म्हणणं नादाने, वजनाने, रंगाने पटत होतं, तिला कुणाच्या भाषेत बोलावं लागत नव्हतं. कागद म्हणजे नुसतं वचन, आणि वचन द्यायचं तर ते समोरच्याच्या भाषेत द्यावं लागतं. राज्यकर्त्यांना प्रजेची भाषा आठवायला लावली ती चांदीच्या टंचाईने, हा हाली रुपयाच्या कथेतला सगळ्यात तिखट उपहास आहे. तो रुपयावर कुठे लिहिलेला नाही. नोट शेजारी ठेवली की दिसतो.

आता तिसरा मजकूर. बीडच्या तांड्यांवर, वस्त्यांवर, जुन्या घरांच्या डब्यांत सापडणाऱ्या अनेक हाली रुपयांना माथ्यावर एक छोटी कडी असते, किंवा कडी निघून गेल्यावर उरलेला झाळीचा फोड. बंजारा बायांच्या गळ्यात रुपयांचे हार असत. हांसली आणि केसांतल्या घुगरी-टोपलीच्या जोडीने ते मिरवत. इतर समाजांतही रुपयाची माळ, पोराच्या गळ्यातला एकटा रुपया, करदोड्याला अडकवलेला रुपया होताच. कविता शिकवताना आपण अलंकार शोधायला सांगतो. इथे अख्खी रचनाच अलंकार झाली.

कडी बसवण्याचं काम जवळून पाहावं. सोनार रुपयाच्या कडेची चिमूटभर जागा कानसीने उघडी करतो. तिथे टाकणखाराचा लेप देतो. चांदी-तांब्यातच थोडं जस्त मिसळून केलेल्या झाळीचा तुकडा ठेवतो आणि फुंकणीने दिव्याची ज्योत त्यावर रोखतो. तांबं आणि चांदी एकत्र आले की दोघांच्याही वितळबिंदूच्या खूप खाली, ७८० अंशांच्या आसपास, वितळायला लागतात. जस्ताने तो बिंदू आणखी खाली येतो. म्हणून झाळ पळते आणि रुपया शाबूत राहतो. टाकणखार तापल्यावर काचेसारखा वितळून तांब्यावरची काजळी पोटात घेतो, तेव्हाच झाळ चिकटते. ज्योत क्षणभर जास्त थांबली तर जवळचं अक्षर विरघळतं. कित्येक रुपयांवर नेमका पदवीतला एखादा शब्द असा गेलेला दिसतो. आणि कडी लागली की रुपया पूर्वीसारखा वाजत नाही. अंगावर वजन लादल्याने नाद बुजतो. बाजाराला जो पुरावा लागत होता तो बाईने सोडून दिला. तिला तो लागत नव्हता, कारण रुपया आता हातोहात फिरणार नव्हता.

फिरणार नव्हता असं म्हणताना मधे दुष्काळ येतो. सोनं कमरेच्या वर, चांदी पायापर्यंत, अशी आपल्याकडे वाटणी. तोडे, वाळे, जोडवी, मासोळ्या, गोट, दंडातल्या वाक्या: ज्या घरात सोन्याचा एखादा मणी असेल-नसेल त्या घराची सगळी शिल्लक या पांढऱ्या धातूत. पाऊस गेला की आधी ती गहाण पडे, मग मोडीत जाई. ऊसतोडीला जाताना मुकादमाची उचल घेणारं घर आणि त्याच्या आधी चांदी मोडून पाहणारं घर बहुधा एकच. सोनाराच्या पेढीवर तेव्हा होणारं बोलणं कोणत्याही गावात साधारण असंच.

"मावशे, ह्यातले दोन कलदार हायती. बाकी समदे हाली. त्यान्ला टंच कमी बसतो."

"कमी कसा? ह्यो बी रुपयाच की."

"रुपया हाय, पर तांबं लई हाय. अन् झाळीची तूट येगळी."

टंच म्हणजे चांदीचा कस, आणि सोनाराचं चूक नसतं. तेजाबाचा थेंब टाकला की तांबं हिरवं होऊन बोलतं. आजच्या हॉलमार्कच्या पायऱ्यांत हाली ८०० आणि ८३५ यांच्या मधे कुठेतरी बसतो. भट्टीत गेला की ९.१४ ग्रॅम, झिजला असेल तर त्याहून कमी. पण मावशीचंही चूक नसतं. तिच्या आईच्या गळ्यात तो रुपयाच होता, टंच नव्हता.

झीजही वाचण्यासारखी असते. बाजारात फिरलेला रुपया दोन्ही बाजूंनी सारखा झिजतो. गळ्यातला रुपया एका बाजूने गुळगुळीत होतो, कातडीला आणि लुगड्याला घासणाऱ्या बाजूने. आतल्या बाजूला चारमिनार ठेवला असेल तर आधी मिनारांची टोकं जातात, मग सज्जे, आणि शेवटी कमानीतला ऐन. बाहेरची बाजू मात्र ठणठणीत असते. एखादा रुपया हातात घेऊन तो तिजोरीत राहिला, बाजारात राहिला की अंगावर राहिला हे सांगता येतं. मजकुराच्या खाडाखोडीवरून लेखकाचं मन ओळखणारे अभ्यासक असतात. ही त्याच जातीची खाडाखोड.

हालीचं चलन संपलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. १९५० पासून भारतीय रुपया इथे चालू झाला, काही वर्षं दोघे शेजारी चालले, आणि १९५९ पर्यंत हालीचा कायदेशीर अवतार आटोपला. धातूचं काम मात्र थांबलेलं नाही. २०१५ च्या दुष्काळात राज्य सरकारने औरंगाबादहून विमानं उडवून मराठवाड्यावरच्या ढगांत कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, २०१९ मध्ये पुन्हा केला. त्यासाठी वापरतात ते सिल्व्हर आयोडाइड. त्याच्या स्फटिकाची घडण बर्फाच्या स्फटिकाशी इतकी जुळते की थंड ढगातली वाफ त्यालाच बर्फाचा कण समजून त्याच्यावर गोठू लागते. ढगच नसेल तर काही होत नाही, आणि दुष्काळात नेमका ढगच नसतो. तरी योगायोग पाहा: पाऊस गेला म्हणून जी मोडायची तीच चांदी पाऊस आणण्यासाठी आकाशात उधळली गेली. शेताच्या बांधावर आता सौरपंपाची पॅनेलं उभी आहेत. त्यांच्या निळ्या काचेखाली ज्या केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसतात त्या चांदीच्या. ऊन विजेत बदललं की ती वीज गोळा करायला याच धातूची वाट सोपी, कारण तिच्याइतका कमी अडथळा कोणीच करत नाही.

रचनेचे दोष सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही. हाली रुपयाचा मजकूर दरबारी आहे, उसना आहे, आणि ज्यांच्या कष्टांतून तो भरला गेला त्यांच्याबद्दल गप्प आहे. चित्र सुरेख, पण राजधानीचं. वजनात आणि कसात तो कलदारापेक्षा उणा, आणि हे उणेपण बट्ट्याच्या रूपाने दर खेपेला बीडच्या माणसाने भरलं. तरीही तो थोर वाटतो तो तिसऱ्या मजकुरामुळे, जो टांकसाळीच्या हिशेबातच नव्हता.

संग्राहकांच्या बाजारात कडी लावलेल्या रुपयाला खराब मानतात. झाळीचा डाग, झिजलेली बाजू, बुजलेला नाद, यांच्यामुळे भाव पडतो. त्यांचं मोजमाप टांकसाळीच्या बाजूने आहे आणि त्या बाजूने बरोबर आहे. बीडच्या बाजूने मोजलं तर उलट निकाल लागतो. कोरा करकरीत हाली ही फक्त राजाची आवृत्ती. कडीचा हाली ही वाचकांनी दुरुस्त केलेली आवृत्ती, आणि अधिक पूर्ण असेल तर ती हीच. घरच्या डब्यात असा रुपया असेल आणि तो मोडायची वेळ आली तर मोडावा, चांदी त्यासाठीच साठवलेली असते. सोनाराला देण्याआधी कमानीतलं अक्षर, साल आणि कोणती बाजू झिजली आहे एवढं मात्र घरातल्या शाळकरी पोराकडून वहीत लिहून घ्यावं. भट्टीतून चांदी परत मिळते, हे तिन्ही परत मिळत नाहीत.